कोर्ट भांडी सोडते, ऑटो-डेबिट पगार सोडत नाही

दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन बेलिफ कर्जदाराच्या दारात उभा राहिला, तरी घरातल्या काही वस्तूंना त्याला हात लावता येत नाही. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे गरजेचे कपडे, कारागिराची हत्यारे आणि धार्मिक रूढीप्रमाणे बाईने अंगावेगळा करायचा नसतो असा दागिना. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, आणि ही यादी तिच्या कलम ६० मध्ये आहे. त्याच कलमात पगाराचाही हिशेब आहे: पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश यांना जप्ती लागत नाही. पोटगीचा हुकूमनामा असेल तर नियम वेगळा. म्हणजे ३८,००० रुपये पगारातून सावकार, बँक किंवा पतसंस्था न्यायालयामार्फत महिन्याला जास्तीत जास्त १२,३३३ रुपये घेऊ शकते. तेही एका हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिने.

आता हाच पगार एखाद्या बँक खात्यात जमा होतो असे धरा. ५ तारखेला वैयक्तिक कर्जाचा हप्ता, ७ ला गाडीचा, १० ला क्रेडिट कार्ड. ऑटो-डेबिटची, म्हणजे हप्ते खात्यातून परस्पर वळते करण्याची, संमती कर्ज घेतानाच दिलेली असते. खटला नाही, हुकूमनामा नाही आणि मर्यादाही नाही. हरलेल्या कर्जदाराला कायदा जेवढे घर शिल्लक ठेवतो, तेवढेही नियमित हप्ते भरणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की कर्ज फेडायला निघालेल्या घराने आधी आपली किमान रेषा, म्हणजे जगायला लागणारा खर्च, आखावी आणि हप्ते त्यानंतर उरलेल्या रकमेत बसवावेत. हे काम एकट्या घराच्या आवाक्यातले नाही, म्हणून ती रेषा नियमातही यायला हवी.

आकड्यांशिवाय हे पटणार नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये भाड्याने राहणारे चौघांचे घर घेऊ. नवऱ्याचा हातात येणारा पगार ३८,०००, बायकोची शिलाईकामाची कमाई ९,०००, एकूण ४७,०००. खर्च असा: भाडे ११,०००, किराणा-दूध-भाजी १०,५००, गॅस ९००, वीज १,२००, शाळेची फी आणि बस ३,५००, पेट्रोल-पास २,५००, मोबाइल-इंटरनेट ९००, औषधे १,०००, गावी आईवडिलांना २,०००. बेरीज ३३,५००. यात चैन कुठे दिसत नाही.

कर्जे पाच प्रकारची. क्रेडिट कार्डावर ८०,००० थकीत, व्याज महिना साडेतीन टक्के. वैयक्तिक कर्ज २ लाख बाकी, १६ टक्क्यांनी ३० महिने, हप्ता ८,१३०. दुचाकीचे १५ हप्ते बाकी, प्रत्येकी २,९२०. सोनेतारण ६०,०००, बारा टक्क्यांनी महिन्याचे व्याज ६००. बचत गटाचे २०,०००, दोन टक्के महिना, व्याज ४०० आणि मुद्दल १,०००. शिवाय मेव्हण्याकडून घेतलेले ५०,००० बिनव्याजी आहेत, त्याला तारीख नाही. कार्डाचे ‘किमान देय’ ५ टक्क्यांनी ४,००० धरले, तर महिन्याला कर्जापोटी १७,०५० जातात.

३३,५०० अधिक १७,०५० म्हणजे ५०,५५०. घरात येतात ४७,०००. खड्डा ३,५५० चा, आणि तो कार्डानेच भरला जातो, कारण महिनाअखेरीस हाताशी तेवढेच असते. कार्डाच्या ८०,००० वर महिन्याचे व्याज २,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४, मिळून ३,३०४. भरलेल्या ४,००० पैकी मुद्दलात फक्त ६९६ उतरतात आणि त्याच महिन्यात नवे ३,५५० चढतात. पूर्ण बिल भरलेले नसल्याने बिनव्याजी मुदत संपलेली असते; नव्या किराण्यावर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. एकही हप्ता न चुकवता वर्षभरात हे कार्ड सव्वा लाखाच्या जवळ पोहोचते. या घराला शिस्तीचे व्याख्यान देऊन काय उपयोग? ते शिस्तीतच बुडते आहे.

अशा वेळी घरे पहिली कात्री दुधाला लावतात. रोजचे अर्धा लिटर कमी केले तर महिन्याला ९०० रुपयांच्या आसपास वाचतात आणि मुलांच्या तोंडचे दूध जाते. मग क्लास बंद, मग आरोग्यविम्याचा हप्ता चुकतो. काटकसर वाईट नाही, पण तिची जागा शेवटी आहे. आधी व्याज कापायचे, मग मुदत लांबवायची आणि तरी उरले तर खर्च.

व्याज कापण्याचा सर्वांत मोठा वाव या घरात कार्डावर आहे. कपाटात सोने असेल तर ८०,००० चे वाढीव सोनेतारण घेऊन कार्ड एका दिवसात शून्य करता येते. बारा टक्क्यांनी त्याचे व्याज ८०० होते, म्हणजे महिन्याला २,५०४ रुपये वाचले. अर्ध्या लिटर दुधाच्या जवळजवळ तिप्पट. कार्डाचे वर्षाला बेचाळीस टक्के व्याज भरत असताना पाटल्या कपाटात ठेवणारी घरे कमी नाहीत. दागिना गहाण ठेवण्याची लाज वाटते, कार्डाचे बिल मात्र कोणाला दिसत नाही, एवढेच त्यामागचे कारण असते. सोने नसेल तर बँकेकडे थकबाकीचे हप्ते करून मागावेत. १८ टक्क्यांनी २४ महिन्यांचा हप्ता साधारण ३,९९५ बसतो, वर व्याजापुरता जीएसटी. जवळपास तेच ४,००० रुपये, फक्त दोन वर्षांत कर्ज संपते. किमान देय भरत राहिले तर ते कधी संपेल याचा अंदाजही करवत नाही.

इथे दोन ठिकाणी घात होतो. पहिला, कार्ड शून्य केल्यावर ते पाकिटातच राहते आणि आठ-दहा महिन्यांत पुन्हा भरते. मग सोनेही गहाण आणि कार्डही थकीत. म्हणून मर्यादा १०,००० पर्यंत खाली आणण्याचा किंवा कार्ड बंद करण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यायचा. दुसरा, एकरकमी फेडीचे सोनेतारण बारा महिन्यांनी पूर्ण देय होते. ‘वर्षभर काही भरू नका’ ही सोय म्हणून सांगितली जाते, पण व्याजाचे व्याज चढते आणि वर्षाने लिलावाची नोटीस येते. महिन्याच्या महिन्याला व्याज भरावे, शक्य असेल तर हप्त्यांचे सोनेतारण मागावे. काही बिगरबँक कंपन्यांच्या योजनांत व्याज वेळेवर भरले तरच जाहिरातीतला दर मिळतो, एक-दोन महिने चुकले की दर वरच्या टप्प्यात जातो. ते कागदावर आधीच पाहून घ्यावे. आणि वर्ष-दीड वर्षात सोडवण्याची वाटच दिसत नसेल तर दागिना गहाण ठेवण्यापेक्षा मोडलेला बरा. लिलावात तो जातोच, वर मधल्या काळाचे व्याजही जाते.

कार्ड सोनेतारणाने फेडल्यावर हप्ते १३,८५० वर येतात आणि खड्डा ३५० चा उरतो. हिशेब जुळल्यासारखा वाटतो. बहुतेक अंदाजपत्रके इथेच थांबतात आणि जूनमध्ये मोडतात.

कारण महिन्याच्या खर्चात वर्षाचे खर्च धरलेलेच नसतात. जूनमध्ये वह्या-पुस्तके, गणवेश, शाळेचे वार्षिक शुल्क: १२,०००. गणपती आणि दिवाळी: १०,०००. गावी जाणे-येणे ५,०००, लग्नकार्यातले आहेर ४,०००, गाडीचा विमा २,०००. बेरीज ३३,०००, महिन्याला २,७५०. हे अचानक आलेले संकट नव्हे; मृग नक्षत्राइतके ठरलेले आहे. तरी दरवर्षी जूनमध्ये नवे कर्ज होते आणि ‘काय करणार, शाळा सुरू झाली’ असे म्हटले जाते. या रकमेसाठी वेगळे आवर्ती खाते हवे, आणि त्याची तारीख हप्त्यांच्या आधीची हवी. ज्या खात्यातून हप्ते जातात त्याच खात्यात हे पैसे ठेवले तर ते सप्टेंबरपर्यंत टिकत नाहीत.

२,७५० धरले की खड्डा पुन्हा ३,१०० होतो. आता मुदतीला हात लावायचा. वैयक्तिक कर्जाचे उरलेले ३० महिने ४८ करून मिळाले तर हप्ता ८,१३० वरून ५,६७० वर येतो. एकूण व्याज सुमारे २८,००० रुपयांनी वाढते, हे खरे आहे आणि ते लपवू नये. पण महिन्याचा खड्डा कार्डाने भरला तर त्याला बेचाळीस टक्के पडतात. सोळा टक्क्यांची लांबलेली मुदत त्यापुढे स्वस्त आहे. अडचणीतल्या कर्जाची पुनर्रचना क्रेडिट अहवालात नोंदली जाते. तरीही हप्ता थकल्यावर अर्ज करण्यापेक्षा थकण्याआधी, पगारपत्रक आणि खर्चाचा कागद जोडून लेखी अर्ज केलेला बरा. शाखेत तोंडी झालेल्या बोलण्याला पुढे कोणी विचारत नाही; पोच घ्यावी. उरलेले साडेसहाशे रुपये इंटरनेटचा प्लॅन आणि पेट्रोल यांतून निघतात. दुधाला हात लागत नाही.

सगळी जुळवाजुळव झाल्यावर या घराचे हप्ते ११,३९० होतात. कलम ६० खाली न्यायालयाने नवऱ्याच्या पगारातून काढले असते, त्याहून ते थोडे कमीच आहेत. १७,०५० वरून कमी झालेली रक्कम कोणी माफ केलेली नाही; प्रत्येकाचे मुद्दल पूर्ण फिटणार आहे. पंधरा महिन्यांनी गाडीचे २,९२० मोकळे झाले की ते सोन्याच्या मुद्दलात घालायचे. दिवाळीच्या बोनसमधून आधी १५,००० बाजूला टाकायचे, मग उरलेले कर्जात. उलट केले तर पहिल्याच तापाला कार्ड पुन्हा बाहेर येते. मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना तिचे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, मात्र अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांपुरते. घराजवळचे असे रुग्णालय कोणते, हे आजारपण येण्याआधी पाहून ठेवावे.

आता मूळ प्रश्न. कोणाचे आधी फेडायचे हे घरात ठरते कसे? बहुतेक घरांत ते आवाजावर ठरते. ज्याचा फोन जास्त, त्याचा हप्ता आधी. ज्याचा माणूस सोसायटीच्या फाटकाशी येतो, त्याला उधार काढूनही देतात. वसुली करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. तगादा हा व्याजदरावर मात करण्याचा मार्ग आहे. म्हणून क्रम थंड डोक्याने, कागदावर, महिन्याच्या सुरुवातीला ठरवायचा. ज्याने घर किंवा कमाई जाईल ते पहिले: भाडे, गाडी, शिलाई मशीनचा हप्ता. मग तारणाचे व्याज. मग सर्वांचे किमान. त्यानंतर जो जास्तीचा रुपया उरेल तो सर्वांत महाग कर्जाला. ‘आधी सर्वांत लहान कर्ज संपवा, हुरूप येतो’ असाही एक सल्ला दिला जातो. पाच-सहा तारखांनी हैराण झालेल्या घराला त्याचा उपयोग होतो, पण मधल्या काळात बेचाळीस टक्क्यांचे कर्ज चालू असेल तर तो हुरूप फार महाग पडतो.

बचत गटाला मात्र मी या गणितातून थोडे बाहेर ठेवीन. दोन टक्के महिना म्हणजे वर्षाला चोवीस, कागदावर महागच. पण ते व्याज गटातच राहते, वाटपात त्याचा भाग परत येतो, आणि रात्री दवाखान्यात पैसे लागले तर दार उघडणारे ते एकच ठिकाण असते. तिथली पत मोडू नये. मेव्हण्याच्या पैशाला व्याज नाही म्हणून त्याला विसरायचेही नाही. त्याला तारीख आणि रक्कम सांगावी, भले ती दोन वर्षांनंतरची असो. न सांगता गप्प राहिल्याने नाती तुटतात, उशिराने तितकी नाही.

पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार असतात, आणि इथे महाराष्ट्रातली घरे फार गाफील असतात. कराराच्या कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे त्याला साधारणपणे म्हणता येत नाही. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ चा वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा आदेश, निघाला की ऑफिसातल्या ज्या सहकाऱ्याने चहाच्या टेबलावर सही केली, त्याच्याही पगाराला हात लागतो. म्हणून पतसंस्थेचा हप्ता थकणार असेल तर पहिला फोन जामीनदाराला करायचा.

खासगी सावकार परवानाधारक असेल तर राज्याने ठरवलेल्या दरांची त्याला मर्यादा आहे. बिगरशेतकऱ्याला तारणावर वर्षाला १५ टक्के, विनातारण १८. शेतकऱ्याला ९ आणि १२. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. महिना पाच किंवा दहा टक्क्यांनी देणारा माणूस कायद्याबाहेर आहे, आणि त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात परवाना नसलेल्या सावकाराने बळकावलेली मालमत्ता परत मिळण्याचीही तरतूद आहे.

हप्ता परत जाण्याचा खर्चही ओळखून ठेवावा. खात्यात पैसे नसताना हप्ता मागितला गेला की आपली बँक दंड लावते आणि कर्ज देणारी संस्थाही लावते, प्रत्येकी काहीशे रुपये अधिक जीएसटी. काही संस्था त्याच महिन्यात पुन्हा मागणी पाठवतात, की दोन्हीकडचा दंड दुप्पट. पगार ७ तारखेला आणि हप्ता ५ ला, एवढ्याच कारणाने अनेक घरांत हे दरमहा घडते. तारीख बदलण्याचा अर्ज फुकट किंवा अल्प खर्चात होतो. खाते रिकामे करून किंवा संमती परस्पर रद्द करून मात्र हप्ता चुकवू नये. पैसे नसल्याने इलेक्ट्रॉनिक हप्ता परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली, न वटलेल्या धनादेशासारखीच फौजदारी तक्रार होऊ शकते. ‘हप्ते थांबवा, आम्ही निम्म्यात मिटवून देतो’ असे सांगून आगाऊ फी घेणाऱ्यांचा समाजमाध्यमांवर सुळसुळाट आहे. त्यांचा सल्ला ऐकणारा थकबाकीदार होतो आणि फी जाते ती वेगळी. तडजोडीने मिटवलेले कर्ज क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ म्हणून राहते, ‘बंद’ म्हणून नाही.

वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. कर्जदाराचा किंवा त्याच्या घरच्यांचा, ओळखीच्यांचा छळही चालत नाही. फोनची वेळ, क्रमांक, बोललेले शब्द वहीत लिहावेत, संस्थेकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

हे सगळे घरातल्या दोघांना माहीत असेल तरच चालते. घरात लपवलेले कर्ज सर्वांत महाग पडते, कारण ते लपवण्यासाठी आणखी कर्ज काढावे लागते. किराण्याची यादी जी बाई करते तिला थकबाकीचा आकडा माहीत नसेल, तर घराचे दोन अर्थमंत्री दोन वेगळी अंदाजपत्रके मांडत असतात. बचत गट तिच्या नावावर, कार्ड त्याच्या नावावर, आणि एकाला दुसऱ्याची तारीख ठाऊक नाही. महिन्यातून एकदा सगळी येणी-देणी एकाच वहीत उतरवायला अर्धा तास लागतो. मुलांना आकडे सांगायची गरज नाही, पण यंदा सहल का नाही हे खरे सांगायला हरकत नसावी.

आता सार्वजनिक बाजू. घराची रेषा नियमात आणणे अशक्य आहे असे म्हणायला जागा नाही, कारण एका प्रकारच्या कर्जाला ती आहे. २०२२ च्या सूक्ष्मवित्त निर्देशांनुसार ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घराला सूक्ष्मकर्ज देताना त्या घराच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. पगारदाराच्या वैयक्तिक कर्जाला आणि क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. प्रत्येक संस्था आपापल्या सोयीने मोजते. कार्डावरचे व्याज ३० टक्क्यांवर रोखणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, त्यामुळे दराची मर्यादाही राहिली नाही. निदान कपातीची तरी असावी: एका पगार खात्यातून महिन्यात वळते होणारे सर्व हप्ते मिळून कलम ६० च्या मर्यादेबाहेर जाणार असतील तर बँकेने वरची मागणी थांबवावी आणि खातेदाराला विचारावे. सर्व मागण्या त्याच खात्यावर येतात, तेव्हा ही बेरीज बँकेला करता येत नाही असे नाही.

यावर नेहमीचे उत्तर असते की अशाने कर्ज महाग होईल आणि गरजूला मिळणार नाही. काही प्रमाणात ते होईलही. पण ४७,००० उत्पन्नाच्या घराला सहावे कर्ज न मिळणे हे त्या घराचे नुकसानच आहे असे मला वाटत नाही. दुसरे उत्तर नैतिक असते: घेताना कळत नव्हते का? १८७५ मध्ये सुप्याला आणि मग पुणे-अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, तेव्हाही हेच विचारले गेले असेल. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. त्याने शेतकऱ्याला कर्जासाठी तुरुंगात घालणे थांबवले आणि रोख्यावरचा आकडा बाजूला ठेवून व्यवहाराचा मूळ हिशेब तपासायचा अधिकार न्यायालयाला दिला. इंग्रज सरकारला शेतकऱ्याचा कळवळा होता असे नव्हे. बुडालेले घर कर्जही फेडत नाही आणि सारा भरत नाही, हे त्याला कळले होते.

अगदी फेडणे अशक्य झालेल्यांसाठी २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत ‘नव्या सुरुवाती’ची तरतूद केलेली आहे: वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत आणि पात्र कर्जे ३५,००० पर्यंत असलेल्यांचे कर्ज रद्द करण्याची. व्यक्तींसाठीच्या या भागातली फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांची बाजू २०१९ मध्ये लागू झाली. बाकीचा भाग नुसता छापून ठेवलेला आहे, लागू झालेला नाही. तो लागू होईपर्यंत मुंबईतल्या नादाराला, म्हणजे कर्ज फेडू न शकणाऱ्याला, १९०९ चा जुना कायदा आणि पुण्या-नागपुरातल्या नादाराला १९२० चा. त्या ‘नव्या सुरुवाती’चे आकडे आता वाढवावे लागतील, कारण ३५,००० हे आपल्या उदाहरणातल्या घराच्या निम्म्या क्रेडिट कार्डाहूनही कमी आहेत.